घर पुन्हा वाकडे करण्याबाबत

दिनांक : ९ ऑक्टोबर २०१९

प्रति,
मा. वारसा वास्तू जतन अधिकारी (सुश्री थर्लो),
नियोजन विभाग, ऑल्डर खोरे जिल्हा परिषद,
ऑल्डरब्रिज, सफोक.

अर्जदार : बर्नार्ड स्टेबिंग, वय ७१, निवृत्त गणित शिक्षक, रा. क्र. १, टॅनर्स एंड, ऑल्डरस्टेड.

विषय : विनापरवानगी सरळ केलेले घर पूर्ववत वाकडे करण्यास, तसेच शेजारीण मिस एडना कॅटरमोल (क्र. २) यांना माझ्या स्वयंपाकघरातून ये-जा करू देण्यास दि. ३१ ऑक्टोबरपूर्वी लेखी मान्यता मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली दि. २४ सप्टेंबरची काम थांबवण्याची नोटीस.
२) आपली दि. ४ ऑक्टोबरची पाहणी, ज्या वेळी माझे डोके आपल्यासमक्ष तुळईवर आपटले.
३) माझाच दि. १२ मार्च १९९० चा अर्ज, ज्यातील परिच्छेद ४ मी याद्वारे सपशेल मागे घेत आहे.

महोदया,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, मी सदर घरात गेली एकतीस वर्षे राहत आहे आणि गेले चोवीस दिवस तोंड लपवून राहत आहे. घर सुमारे साडेपाचशे वर्षांचे आहे. ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा, मधल्या जागेत कुडाच्या भिंती, वर कौले, आणि वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढे आलेला. सांगाड्यात लोखंडाचा खिळा औषधालाही नाही, सारे लाकडी खुंट्यांवर उभे आहे. आपल्या दफ्तरी या घराची नोंद ‘सर्व दिशांना झुकलेले, अतिशय देखणे’ अशी आहे. यातील दुसरा भाग मला कधीच पटला नाही, आणि पहिला भाग आपण दुरुस्त करू शकतो असे मला वाटले. हे सगळे रामायण तिथूनच सुरू होते.

२. सन २००८ मध्ये मी निवृत्त झालो तेव्हा शाळेने मला निरोपाची भेट म्हणून पितळी पाणसळ, म्हणजे जमीन सपाट आहे का ते बुडबुड्याने दाखवणारी पट्टी, दिली. माझी पत्नी ऑड्री त्याच दिवशी म्हणाली, “लोकांना घड्याळ देतात रे. तुला हे का दिलं, कळलं ना? पोरांच्या रेघा तिरक्या म्हणून आयुष्यभर ओरडलास, आता घरी जाऊन ओरड म्हणाले.” मला कळले नव्हते. मी पाणसळ जमिनीवर ठेवली, तर आतला बुडबुडा कोपऱ्यात जाऊन बसला आणि पुढची अकरा वर्षे मधोमध म्हणून आला नाही. ताटातले वाटाणे ईशान्येला घरंगळत. कपाटाचे दार आपणहून उघडे. या उताराला धरून मी घरातल्या प्रत्येक टेबलाचे, खुर्चीचे आणि पलंगाचे पाय कमी-जास्त कापून घेतले होते, आणि ते काम, स्वतःच सांगतो, फार अचूक झाले होते. एवढ्यावर थांबलो असतो तर आपल्याला हा अर्ज वाचावा लागला नसता.

३. दि. १५ सप्टेंबर, रविवार. ऑड्री सुगीच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये भोपळे मांडायला गेली होती. मी आदल्या आठवड्यात आकडेमोड करून ठेवली होती : ईशान्येचा खांब बरोबर चार इंच खचलेला आहे, तेवढा वर घेतला की प्रश्न मिटला. ट्रॅक्टर उचलायचा जॅक भाड्याने आणला, खांबाला लागून असलेल्या तुळईखाली लावला, आणि अडीच तासांत साडेपाचशे वर्षांचे घर चार इंच उचलले. घराने मोठ्ठा आळस दिल्यासारखा आवाज केला. बुडबुडा मधोमध आला. मी टाळ्या वाजवल्या. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

यानंतर लक्षात आलेल्या बाबी, लक्षात आल्या त्या क्रमाने :

(अ) जमीन सरळ झाल्यामुळे घरातील सर्व टेबले, खुर्च्या व पलंग तिरके झाले.

(आ) मी ज्या खोलीत उभा होतो तिचे दार उघडेना. घरातले कोणतेच दार उघडेना, पण ते मला नंतर कळले, कारण मी त्या खोलीतून बाहेर पडू शकत नव्हतो.

(इ) ऑड्री परत आली आणि खिडकीत उभी राहिली. “काय केलंस?” मी म्हणालो, “घर सरळ केलं.” ती म्हणाली, “अगंबाई! मग बाहेर ये की, आणि नीट सांग.” मला खिडकीतून बाहेर यावे लागले. खालच्या गुलाबांनी माझ्या पाटलोणीची जी अवस्था केली ती या अर्जाच्या कक्षेबाहेर आहे.

४. याच वेळी, म्हणजे माझा एक पाय आत आणि एक बाहेर असताना, घरात धडाम् असा आवाज झाला. माझे स्वयंपाकघर आणि मिस कॅटरमोल यांची बैठक यांच्यामधल्या भिंतीतला माणूसभर उंचीचा कुडाचा भाग सुटून खाली आला होता. मी मागच्या दाराची काच फोडून स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा धुळीचा लोट खाली बसत होता, आणि त्यामागे कॅटरमोलबाई हातात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. केसांवर चुना, कपात गवताच्या काड्या.

येथे नमूद करणे आवश्यक आहे की, सन १९९० पासून त्या आणि मी एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. चर्चमध्ये मान हलवायची, तीही पाद्री बघत असले तरच. एकोणतीस वर्षांनंतरचे त्यांचे पहिले वाक्य असे होते : “मास्तर, दार वाजवायची पद्धत असते.”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफी राहू द्या. माझं पुढचं दार अडकलंय. ते उघडा आधी.” ते आजतागायत उघडलेले नाही. क्र. २ ला दुसरे दार नाही. जे आहे ते चारशे वर्षांचे ओकचे, आपल्या यादीत स्वतंत्रपणे नोंदलेले, त्यामुळे त्यावर रंधा मारता येत नाही. आणि आपल्या नोटिशीनुसार जॅकलाही हात लावता येत नाही. म्हणजे मी जे बेकायदा केले ते आता कायद्याने जागच्या जागी राखलेले आहे. आपल्या पाहणीच्या वेळी मी हे बोलून दाखवले तेव्हा आपण म्हणालात, “अर्ज करा. आणि या खेपेला आधी करा, मग काम.” त्यानुसार सादर.

५. आपल्याच सूचनेवरून मी गावचे सुतार श्री. टेड बोरेट (वय ७८) यांना बोलावले. त्यांनी घराभोवती एक फेरी मारली, जॅककडे बराच वेळ पाहिले आणि टोपी काढली. घरात कोणी गेले असावे तशी. मग म्हणाले, “मास्तर, हे काही पोरांच्या वहीतलं गणित नव्हे, चुकलं म्हणून खोडायला. ओलं लाकूड होतं तेव्हा हे उभं केलं. पन्नास-साठ वर्षं वाळलं, वळलं, कण्हलं, मग जागा धरून बसलं. दारं, खिडक्या, जिना, सगळं त्यानंतर त्या वळणाला मापून केलेलं. तुम्ही वाकडं सरळ नाही केलंत. सरळ होतं, ते वाकडं केलंत.” मी पाणसळ दाखवली. ते म्हणाले, “ती ठेवा खिशात.”

सदर बोरेट यांनी नंतर पडलेल्या भिंतीच्या जागी दिवा धरून मला दोन गोष्टी दाखवल्या, ज्या आपणास माहीत असणार आणि मला एकतीस वर्षे माहीत नव्हत्या. पूर्वी सुतार सगळा सांगाडा आपल्या आवारात जमिनीवर जुळवून बघत, प्रत्येक जोडाला पटाशीने क्रमांक घालत, मग सुटा करून गाड्यांतून आणून उभा करत. माझ्या बाजूच्या खांबांवर एक, दोन, तीन अशा रेघा आहेत. मला वाटले होते, संपला हिशोब. चौथा खांब कॅटरमोलबाईंच्या बैठकीत आहे. पाचवा आणि सहावाही. (चारासाठी रोमन IV न लिहिता चार उभ्या रेघा ओढल्या आहेत. माझ्या वर्गात मी याचे गुण कापले असते. तो खांब मात्र अजून उभा आहे.)

दुसरे म्हणजे काजळी. माझ्या माळ्यावरचे वासे धुराने काळे आहेत, त्यांचेही तसेच काळे आहेत, आणि मधली भिंत कोरी आहे. म्हणजे धूर होता तेव्हा भिंत नव्हती. एक मोठी बैठक, मधोमध जमिनीवर विस्तव, भोवती एकच कुटुंब, आणि धूर वाट फुटेल तिकडे. आज जिथे कूड पडला तिथे दोन्हीकडच्या बाहीला खुंट्यांची भोके आहेत आणि वर कमानीचे ठेंगणे लाकूड आहे. ते दार होते. कोणीतरी पुढे घर वाटून घेतले आणि दार लिंपून टाकले. दार ठेंगणे असल्याने माझे डोके तिथेही आपटते. कॅटरमोलबाईंचे आपटत नाही, त्या बरोबर त्या मापाच्या आहेत.

६. आता संदर्भ क्र. ३ विषयी. सन १९९० मध्ये मी घराला बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याची परवानगी मागितली होती. मिस कॅटरमोल यांनी हरकत घेतली : जुन्या लाकडाला चुनाच हवा, सिमेंटने घराचा श्वास कोंडेल, आत पाणी साठून खांबाचे पाय कुजतील. त्यावर मी माझ्या सुवाच्य अक्षरात परिच्छेद ४ लिहिला, तो असा : “सदर दोन घरांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही, पूर्वी कधी नव्हता, व यापुढेही असणार नाही. सबब शेजारणीस बोलण्याचा अधिकार नाही.” परवानगी मिळाली. मी जिंकलो. गावातल्या एकमेव गुत्त्यात मी त्या दिवशी सर्वांना बिअर पाजली होती.

गेल्या आठवड्यात बोरेट यांनी आपल्या देखत ईशान्येच्या खांबाच्या पायथ्याचे सिमेंट फोडले. आत काय होते ते आपण पाहिलेच. चमच्याने काढता आले असते. कॅटरमोलबाई मागे उभ्या होत्या. मला वाटले, आता बोलतील. बोलायला हव्या होत्या, हक्क होता त्यांचा. त्या फक्त म्हणाल्या, “चहा ठेवते मी. तुम्ही ठेवू नका, तुमचा पाणचट असतो.”

७. यावरून आपल्या लक्षात आले असेल की सध्या त्या माझ्या स्वयंपाकघरातून ये-जा करतात. (मागचे दार बोरेट यांनी बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवले आहे, दार म्हणून सध्या एक जाड पडदा आहे.) दिवसातून सरासरी सहा वेळा. कोंबड्यांना दाणे टाकायला, टपाल आणायला, चर्चला, आणि तीन वेळा उगाचच. प्रत्येक फेरीला एक शेरा असतो. आमचे पडदे दवाखान्यासारखे आहेत. पावात मीठ कमी. भांडी पुसून ठेवायची असतात, निथळत नाही ठेवायची. ऑड्रीला तर माहेरचे माणूस मिळाल्यासारखे झाले आहे. दोघी तिरक्या टेबलाशी बसून घसरणारे कप हाताने धरतात आणि माझ्याबद्दल बोलतात. मी तिथेच असतो. परवा ऑड्री म्हणाली, “एकोणतीस वर्षं भिंतीपलीकडे एवढी मजा होती आणि तू मला कळू दिली नाहीस.”

८. परंतु या अर्जाची घाई चहासाठी नाही. कॅटरमोलबाईंचे वय ८४ आहे आणि त्यांचा जन्म याच घरात, वरच्या खोलीत झाला. त्यांचा भाचा, श्री. क्लाइव्ह, इप्सविचहून आला, दार ढकलून पाहिले, आणि म्हणाला, “आत्या, ज्या घराला दार नाही त्याला घर म्हणत नाहीत.” त्यांनी उत्तर दिले, “आहे की. मास्तरांच्या मोरीशेजारी.” क्लाइव्ह माणूस वाईट नाही. तो घाबरला आहे आणि ते रास्त आहे, आग लागली तर म्हातारीने कुठून जावे? अग्निशमन विभागाच्या माणसानेही तेच सांगितले : बाहेर पडायची एक कायदेशीर वाट कागदावर दाखवा, नाहीतर घर रिकामे करा. क्लाइव्हने इप्सविचच्या वृद्धाश्रमात खोली धरून ठेवली आहे. तिची मुदत ३१ ऑक्टोबर.

त्या खोलीची चित्रे त्याने आणली होती. कॅटरमोलबाईंनी ती माझ्या ओट्यावर चष्मा लावून बघितली, एकेक, सावकाश. मग चौथ्या खांबावर हात ठेवून म्हणाल्या, “छान आहे हो. सगळं सपाट आहे. मास्तर, मला तिथं चालता नाही यायचं. माझे पाय या उताराचे आहेत.”

महोदया, मी छत्तीस वर्षे मुलांना शिकवले आणि वर्गात कधी डोळे पुसले नाहीत. त्या दिवशी मी भांडी पुसायच्या फडक्याने पुसले. आणि एक गोष्ट या ठिकाणी लेखी देतो : त्या इथून गेल्या तर त्या वयामुळे गेल्या असे होणार नाही. माझ्या पाणसळीमुळे गेल्या असे होईल. हे डोक्यावर घेऊन मला सरळ काय, वाकड्या घरातही राहता यायचे नाही.

९. आता हिशोब. बोरेट यांच्या म्हणण्यानुसार घर उचलले तसे धाडदिशी खाली सोडता येणार नाही, उरलेल्या खुंट्याही तुटतील. कुजलेल्या पायाच्या जागी ओकचा नवा तुकडा सांधून, रोज एक अष्टमांश इंच याप्रमाणे हळूहळू खाली घ्यावे लागेल. चार इंचांना बत्तीस दिवस. आपण आजच, या क्षणी परवानगी दिली तरी पुढचे दार १० नोव्हेंबरच्या आत उघडत नाही. मी हे गणित तीन प्रकारे करून पाहिले. प्रत्येक प्रकारे ते दहा दिवस कमीच पडतात. आयुष्यात प्रथमच उत्तर चुकावे अशी इच्छा होती.

सबब एकच मार्ग उरतो. मधले दार हे नवे बांधकाम नाही. ते घरातले जुने, मूळचे दार आहे. सुतारांचे क्रमांक, खुंट्यांची भोके आणि माळ्यावरची काजळी ही त्याची साक्ष आहे. मी ते चुकून उघडले, ही त्यातली एकमेव नवी गोष्ट. आपण ते वापरातले दार म्हणून मान्य केलेत, तर तिथून माझ्या स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून अंगणात ही कॅटरमोलबाईंची कायदेशीर वाट ठरते. अर्थात, मला माझ्या घराच्या कागदपत्रांत तसे कायमचे लिहून द्यावे लागेल. वकिलांनी बजावले की, “साहेब, यापुढे तुमचं घर पूर्ण तुमचं राहणार नाही.” मी त्यांना सांगितले की, खांबांवरचे आकडे बघता ते कधीच नव्हते.

१०. तरी नम्र विनंती की :

(अ) घर पूर्वीइतकेच वाकडे करण्यास श्री. बोरेट यांच्या देखरेखीखाली परवानगी द्यावी. जॅकच्या दांड्याला मी हात लावणार नाही, असे ऑड्रीने माझ्याकडून लिहून घेतले आहे (प्रत सोबत).

(आ) बाहेरचे सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करू द्यावा. एकोणतीस वर्षांपूर्वीची मिस कॅटरमोल यांची हरकत मला मान्य आहे. ती फेटाळल्याचा शेरा शक्य असल्यास दफ्तरातून काढावा, नपेक्षा त्याखाली ‘त्या बरोबर होत्या’ एवढे तरी लिहावे.

(इ) मधले दार कायम उघडे ठेवण्यास दि. ३१ ऑक्टोबरपूर्वी लेखी मान्यता द्यावी. बाकी दोन्ही विनंत्या नाकारल्यात तरी माझी तक्रार नाही, मी तिरक्या खुर्चीत बसून राहीन. ही मात्र नाकारू नये.

(ई) विनापरवानगी कामाबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती अवश्य व्हावी. फक्त ती नोव्हेंबरात व्हावी. ऑक्टोबरात मला घरी असायला हवे, दुपारी चारला चहा असतो.

आपला नम्र आणि आता पुरता वाकलेला,

(सही)
बर्नार्ड स्टेबिंग

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१) खांब क्र. एक ते सहा यांवरील खुणांचे ठसे, मेणखडूने घेतलेले.
२) श्री. बोरेट यांचा कामाचा आराखडा. कडेची टिप्पणी त्यांचीच असून ती मला उद्देशून आहे.
३) सौ. ऑड्री स्टेबिंग यांना दिलेले हमीपत्र.
४) पाणसळ (एक), पितळी. आपल्या कार्यालयात जमा करून घ्यावी, ही विनंती.
५) शेजारणीचे ना-हरकत पत्र. नमुना फॉर्म देऊनही त्यांनी ते चर्चच्या पत्रकामागे पेन्सिलीने लिहिले आहे. ते दुसऱ्यांदा लिहिण्यास त्यांनी नकार दिल्याने मजकूर येथे उतरवून देत आहे :

“अधिकारीबाईंस, मास्तरांच्या अर्जाला माझी हरकत नाही. नव्वद साली होती, ती बरोबर होती. माझं पुढचं दार उघडेल तेव्हा उघडेल, मी आता यांच्याच घरातून जाणार-येणार, चहा जरा सुधारतोय. बोरेट विचारत होता, मधल्या दाराला कडी कोणत्या बाजूने बसवू. मी सांगितलं, माझ्या बाजूने नको, मास्तरांना विचार. त्याने विचारलं. मास्तर कमानीला डोकं आपटून आत आले आणि म्हणाले, इकडूनही नको. — ए. कॅटरमोल.”